सोनेरी डब्याचा स्क्रू
१९८५ साली अमेरिकेत आलेल्या निन्टेन्डोच्या सुरुवातीच्या कार्ट्रिजना साध्या खाचेचे स्क्रू होते. घरातल्या कुठल्याही स्क्रूड्रायव्हरने निघतील असे. पुढे कंपनीने ते बदलले. नवा स्क्रू सहा पाकळ्यांचा, ३.८ मिलिमीटरच्या खास पान्याचा, खोल भोकात बसवलेला. मालकाने आत डोकावू नये, बस्स.

पण १९८७च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या सोनेरी कार्ट्रिजमध्ये खेळ लक्षात ठेवायला एक बटनसेल होता, तोही सोल्डर केलेला. तो कधीतरी संपणारच. मग लोकांनी जुगाड काढला: बॉलपेनची प्लॅस्टिक नळी तापवून स्क्रूवर दाबायची, गार झाली की तोच पाना. (पेन आपल्याच खर्चाने!)

भलत्या मापाचं हत्यार घुसवलं की मात्र पाकळ्या झिजतात आणि पाना नुसता फिरतो. भोक अरुंद, पक्कड पोचत नाही. मग शेवटचा उपाय: सावकाश ड्रिल करून स्क्रूचं डोकंच उडवायचं. घाई केली तर प्लॅस्टिक वितळतं. झाकण निघालं की उरलेला दांडा पकडीने फिरवून काढता येतो. धातूचा कीस सर्किटवरून झटकायचा.

त्याआधी एकदा खेळ लावून बघा. सेल अजून जिवंत असेल, तर तीन जागांपैकी एखादीत कुणा पोराचं नाव असेल. सेल काढला की ते पुसलं जातं.