नंदीची चढण

बंगळुरातल्या सुट्टीचा एक साचा आता पक्का झाला आहे. पहाटे चारला गाडी काढायची, पोरांना पेंगतच मागच्या सीटवर टाकायचं, नंदी हिल्स किंवा शेजारच्या स्कंदगिरीवर सूर्योदय गाठायचा. परतताना डोसा, आणि संध्याकाळी अंगात जीव उरला तर नाटक. हे खूळ आयटीवाल्यांनी आणलं असं सर्रास म्हणतात. पण ते त्यांच्याहून बरंच जुनं आहे.

घरदार घेऊन नंदीकडे जाणारे पहिले लोक जत्रेकरू. पायथ्याच्या भोगनंदीश्वराच्या देवळाची मुळं नवव्या शतकापर्यंत जातात. माथ्यावर योगनंदीश्वर बसला आहे. खालचा देव संसारी, वरचा विरागी. दोघांनाही भेटायचं तर चढण आलीच. महाशिवरात्रीचा रथ मात्र खालीच ओढतात, कारण बाजार, पाळणे आणि खाणंपिणं संसारी देवाच्याच वाट्याचं! डोंगर, देव आणि चैन एकाच फेरीत उरकायची रीत इथली आहे.

पुढे डोंगराचा किल्ला झाला. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, मराठी माणूस शहरात रुळला; पण तेव्हा डोंगरांकडे लोक चौकी-पहाऱ्याच्या नजरेने बघत. हैदर-टिपूंनी नंदीदुर्ग भक्कम केला. टिपूने वर उन्हाळ्यासाठी महालही बांधला, म्हणजे हवापालटाची चव त्यालाही होती. ऑक्टोबर १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने गड घेतला आणि पुढच्या काही दशकांत तोफांच्या जागी आरामखुर्च्या आल्या. १८३४ ते १८६१ म्हैसूरचा कमिशनर असलेल्या मार्क कबनने वर बंगला उभारला. शहरातल्या कबन पार्कलाही त्याचंच नाव. नंदी आणि लालबाग दोन्ही बराच काळ एकाच फलोत्पादन खात्याकडे होते, त्यामुळे वरची फुलझाडं पाहून लालबागेत आल्यासारखं वाटलं तर नवल नाही.

शहराने डोंगराकडून पाणीही घेतलं. नंदीवर उगम पावणाऱ्या अर्कावतीचं पाणी हेसरघट्टच्या तळ्यातून १८९० च्या दशकात नळाने बंगळुरात आलं. मग अरुंद रुळांची आगगाडी चिक्कबळ्ळापूरकडे धावू लागली, वाटेत नंदी हॉल्ट नावाचं चिमुकलं स्थानक. मग मोटारीचा रस्ता थेट माथ्यापर्यंत. सोय वाढत गेली आणि दर टप्प्याला चालणं कमी होत गेलं.

या कहाणीतला माझा लाडका माणूस शंकर नाग. मुंबईत बँकेत नोकरी करता करता तो मराठी रंगभूमीवर घडला, मग कन्नड सिनेमाचा नायक झाला, ‘मालगुडी डेज’चा दिग्दर्शक झाला. हे सगळं करून त्याला नंदीवर रोपवे हवा होता! नटाला रोपवे कशाला, असं विचारणाऱ्यांना त्याचा स्वभाव ठाऊक नसावा. शहराजवळचा डोंगर सगळ्यांच्या आवाक्यात यावा, हा त्याचा ध्यास होता. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात तो गेला, ऐन पस्तिशीत. रोपवे कागदावरच राहिला. त्याच्या मनातलं नाट्यगृह मात्र उभं राहिलं: मराठी, गुजराती, हिंदी रंगमंचावरून कन्नडमध्ये आलेल्या त्याच्या पत्नी अरुंधती नाग यांनी २००४ मध्ये जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ सुरू केलं. तिथे नाटक सुरू झालं की दार बंद. उशिरा येणारा तिकीट हातात धरून बाहेरच. डोंगरावरून परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुटुंबाने १९२४ पासून चालत आलेल्या एमटीआर उपाहारगृहाच्या रांगेत वेळ घालवावा की थेट नाटक गाठावं, हा पेच बिकट आहे. माझं मत डोशाच्या विरोधात; नाटकाचं दार कुणासाठी उघडत नाही.

रोपवेची पायाभरणी अखेर मार्च २०२३ मध्ये झाली. त्याआधीच, देवनहळ्ळीला २००८ मध्ये विमानतळ आल्यावर, तिकडचा रस्ता रुंदावला आणि रविवारच्या पहाटे नंदीच्या घाटात गाड्यांची माळ लागू लागली. म्हणून चालण्याची हौस असलेली कुटुंबं स्कंदगिरीकडे वळली, तर तिथेही गर्दी. आता तिथल्या चढाईसाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, शुल्क भरावं लागतं. जत्रेकरूंना फुकट असलेली चढण रस्त्याने काढून घेतली, ती आपण पैसे मोजून परत घेतो आहोत. नंदीच्या पायथ्याची, सुलतानपेठेकडून चढणारी जुनी पायऱ्यांची वाट तेवढी अजून बरीचशी मोकळी असते.