किष्किंधेचे वानर आणि धारवाडचे वानर

प्राण्यांना बोलते करण्याची आपल्या वाङ्मयातील परंपरा फार जुनी आहे. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे दोन कोल्हे संस्कृतातून पहलवीत गेले, पहलवीतून अरबीत गेले आणि 'कलीला व दिम्ना' या नव्या नावांनी जगभर हिंडले. जातककथांत बोधिसत्त्व कधी वानर होऊन जन्माला येतो, कधी हरिण, तर कधी हत्ती. मगरीला 'काळीज झाडावर विसरलो' असे सांगून सुटका करून घेणारे वानर आपल्या घरांतील तीन-तीन पिढ्यांना पाठ आहे.

परंतु या कथा जरा बारकाईने वाचल्या म्हणजे ध्यानात येते की, दमनक हा कोल्हा नव्हेच. तो राजदरबारातील एक महत्त्वाकांक्षी कारभारी आहे. कोल्हा खातो काय, त्याचे बीळ कोठे असते, पिल्ले तो कशी वाढवतो, यांच्याशी विष्णुशर्म्याला कर्तव्य नव्हते. त्याला राजाच्या तीन मठ्ठ मुलांना नीती शिकवायची होती. कातडे कोल्ह्याचे आणि आत माणूस, असा तो प्रकार आहे. रामायणातील किष्किंधाही तशीच. परंपरा ती आपल्या शेजारी, तुंगभद्रेकाठी आनेगुंदीला दाखवते. तेथे वालीचा वध होतो, सुग्रीव राजा होतो, तारा त्याच्याकडे येते; आणि वालीचा मुलगा अंगद याला युवराजपदाचा अभिषेक होतो. सत्ता बदलली, पण जुन्या राजाचे मूल नव्या राजाने सांभाळले. ही वानरांची नव्हे, आदर्श राजकुलाची रीत आहे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशीच आपल्याला काम पडणार आहे.

प्राण्याच्या कातड्यात माणूस न घालता प्राणीच राहू द्यावा, ही कल्पना त्या मानाने अगदी अलीकडची. तिचे वय सव्वाशे वर्षांच्या थोडे पुढे जाईल, इतकेच. १८९४ साली रुडयार्ड किपलिंगचे 'जंगल बुक' निघाले. किपलिंग जन्माने मुंबईकर. त्याची कथा मध्य प्रांतातील सिवनीच्या जंगलात घडते, पण ते जंगल त्याने पाहिलेले नव्हते. पुस्तक लिहिले अमेरिकेत बसून. त्याच्या जंगलाला कायदा आहे, शिस्त आहे, पलटणीसारखी हुकूमत आहे. फक्त वानरांना त्याने या कायद्याच्या बाहेर ठेवले. ना त्यांना नायक, ना नियम, ना स्मरणशक्ती. नुसती बडबड आणि धिंगाणा. किपलिंगचा हा निवाडा इंग्रजी वाचणाऱ्या जगाने बराच काळ खरा मानला.

त्याच वर्षी अर्नेस्ट थॉम्प्सन सेटन या कॅनडात वाढलेल्या चित्रकाराने लोबो नावाच्या लांडग्याची हकीकत एका अमेरिकन मासिकात छापली. न्यू मेक्सिकोत गुरांवर पडणाऱ्या या लांडग्याला मारण्यासाठी सेटनला बोलावले होते. लोबो कोणत्याही सापळ्यात सापडेना, तेव्हा त्याच्या मादीला आधी पकडून मारले गेले आणि तिच्या वासाच्या मागावर आलेला लोबो सापळ्यात अडकला. ही आणि अशा इतर कथा १८९८ साली पुस्तकरूपाने आल्या आणि तुफान खपल्या. शिकाऱ्याने शिकारीची बाजू मांडावी, हे वाचकांना नवे होते. सेटनच्या जोडीला कॅनडाचाच चार्ल्स रॉबर्ट्स होता. वन्य प्राण्याला नायक करून, बोधकथेचा आधार न घेता वास्तववादी कथा लिहिण्याचा पाया या दोघांनी घातला, असे मानले जाते.

पाया पडला आणि लगेच भांडण लागले. मार्च १९०३ मध्ये जॉन बरोज या वयोवृद्ध निसर्गलेखकाने 'अटलांटिक मंथली' मासिकात खऱ्या आणि बनावट निसर्गेतिहासावर एक जळजळीत लेख लिहिला. हे नवे लेखक माणसाचे मन प्राण्यात कोंबतात आणि वर 'हे सारे खरे आहे' अशी शपथ घेतात, असा त्याचा आक्षेप होता. विल्यम लाँग नावाच्या लेखकाने तर एक पक्षी आपल्या मोडक्या पायाला चिखलाचे प्लॅस्टर करताना पाहिल्याचे लिहिले होते. हा वाद चार वर्षे चालला. १९०७ साली अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः त्यात उतरले आणि त्यांनी या लेखकांना निसर्गाचे भोंदू ठरवले. देशाच्या अध्यक्षाने लांडग्या-पाखरांच्या गोष्टींवर जाहीर वाद घालावा, असा प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात दुर्मिळच. सेटनने मात्र उत्तरादाखल भांडण वाढवले नाही. तो कामाला लागला. १९०९ साली त्याने उत्तर अमेरिकेतील सस्तन प्राण्यांवर दोन खंडांचा अभ्यासग्रंथ दिला, पुढे त्याहून मोठा दिला. आणि त्या मोठ्या ग्रंथाला १९२७ साली जे पदक मिळाले ते जॉन बरोजच्याच नावाचे होते.

यानंतर या प्रकारच्या लेखनाची जबाबदारी वाढली. १९२३ साली व्हिएन्नाच्या फेलिक्स साल्टेनची 'बांबी' पुस्तकरूपाने आली. त्यातील हरणे आपसात बोलतात खरी, पण माणसाला तेथे नावसुद्धा नाही. तो फक्त 'तो' आहे. कोठून येतो, का मारतो, हे त्यांना कळत नाही. साल्टेन स्वतः शिकारी होता, म्हणूनच ती भीती त्याला बाहेरून आणि आतून अशी दोन्हीकडून माहीत होती. तो ज्यू होता. १९३६ साली नाझी जर्मनीने त्याच्या पुस्तकावर बंदी घातली आणि पुढे तो स्वित्झर्लंडमध्ये निर्वासित म्हणून वारला. १९४२ च्या डिस्ने चित्रपटातील गोंडस पाडस पाहणाऱ्यांना ही हकीकत सहसा ठाऊक नसते. १९२७ साली इंग्लंडमध्ये हेन्री विल्यमसनने 'टार्का' या पाणमांजराची जीवनकथा लिहिली. तीत नदी, मासे, थंडी आणि शिकारी कुत्रे यांखेरीज फारसे काही नाही. प्राणी जे हुंगतो, ऐकतो, चाखतो, तेवढेच लिहायचे, असा तो दंडक होता.

आता आपण आपल्या मुलखात येऊ. धारवाड म्हणजे आपल्याला बेंद्रे आणि जी. ए. कुलकर्णी. एकाच्या घरात मराठी आणि लेखणीत कन्नड. दुसरा कन्नड गावात राहून मराठी कथा लिहिणारा. पण प्राणिशास्त्राच्या जगात धारवाडचे नाव आणखी एका कारणाने झाले आहे, ते आपल्या घरांतून फारसे कोणी सांगत नाही.

१९६१ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा हे अभ्यासक आपल्या सहकाऱ्यांसह धारवाडजवळच्या जंगलात आले. विषय होता काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर. मराठीत आपण लाल तोंडाच्या माकडापासून ज्याला वेगळे ओळखतो आणि इकडच्या कन्नडात ज्याला मुसिया म्हणतात तो. त्यापूर्वी थोडीच वर्षे फिलिस जे या अमेरिकन विदुषीने मध्य व उत्तर भारतात वानरांचा अभ्यास केला होता आणि तिला दिसलेले चित्र बव्हंशी शांततेचे होते. धारवाडला मात्र बऱ्याच टोळ्यांत एकच प्रौढ नर, त्याच्याभोवती माद्या आणि पिल्ले, तर टोळीबाहेर नुसत्या नरांची टोळकी, अशी व्यवस्था आढळली.

१९६२ च्या उन्हाळ्यात सात नरांच्या एका टोळक्याने अशा एका टोळीवर हल्ला केला. जुना नर हाकलला गेला. मग त्या सातांपैकी एकाने उरलेल्या सहांनाही पिटाळून लावले आणि टोळी ताब्यात घेतली. येथपर्यंत वाली-सुग्रीवाची कथा जुळते. पुढे जुळत नाही. थोड्याच आठवड्यांत टोळीतली तान्ही पिल्ले या नव्या नराच्या चाव्यांनी एकामागून एक मेली. या टोळीत अंगदाला युवराजपद मिळाले नाही.

सुगियामांनी १९६५ साली हे प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांनी ती विकृती मानली. दाटी झाली असेल, माणसांचा त्रास असेल, म्हणून वानर पिसाळले असतील, असे म्हटले गेले. १९७१ पासून सारा ब्लाफर हर्डी या अमेरिकन संशोधिकेने राजस्थानात अबूच्या पहाडावर वानरांचा अभ्यास केला आणि वेगळे उत्तर दिले. नराला टोळी मिळते ती थोड्या काळापुरती, सरासरीने दोन-सव्वादोन वर्षे. अंगावर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही. तिचे पिल्लू गेले की ती लवकर येते आणि नव्या नराला आपली संतती वाढवायला अवधी मिळतो. यात वेड नाही आणि दुष्टपणाही नाही. हिशेब आहे, आणि तो नराने मनात मांडलेला नसून पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून उतरलेला आहे. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाला. १९९९ साली नेपाळमधील रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीत, पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, असे दिसून आले आणि हर्डी यांच्या मताला मोठे बळ मिळाले.

हर्डी यांनी आणखी एक गोष्ट पाहिली, ती मला या सर्वांत मोलाची वाटते. माद्या निमूटपणे सोसत नाहीत. नव्या नराच्या अंगावर पहिल्याने धावून जाणाऱ्यांत एक म्हातारी मादी होती, जिचे स्वतःचे पिल्लू होण्याचे वय केव्हाच उलटले होते. टोळीतल्या माद्या जन्मभर एकत्र राहतात, एकमेकींच्या नात्यातल्या असतात. धोक्यातले पिल्लू बहुधा नातवंड किंवा भाचरू असते. किपलिंगने ज्यांना नियम नाही म्हटले, त्यांच्यात असे घट्ट गोत होते.

१९८२ साली व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'बनगरवाडी'तून माणदेशची माणसे आणि मेंढरे मराठीत आणणाऱ्या या लेखकाने येथे माणूस बाजूला सारला आणि वानरांच्या टोळीला नायकपद दिले. हद्दीसाठी झगडा, जुन्या नराचा पाडाव, नव्याचा अंमल आणि पिल्लांवर येणारे संकट, हे सारे त्यांनी वानरांच्या पातळीवरून सांगितले. धारवाडच्या घटनेनंतर वीस वर्षांनी तीच कठोर गोष्ट मराठी कादंबरीचा विषय झाली होती. माडगूळकर रानात पायी हिंडणारे होते आणि हाताने चित्रकार होते. पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही, ही चित्रकाराची सवय त्यांच्या वाक्यांत उतरली आहे.

'सत्तांतर'विषयी सभा-संमेलनांतून हमखास ऐकू येणारे एक मत असे की, ही कादंबरी वस्तुतः राजकारणावरचे रूपक आहे. १९७७ व १९८० साली दिल्लीत आणि १९७८ साली मुंबईत सत्तांतरे होऊन गेली होती. त्या दिवसांतल्या वाचकाला खुर्ची आठवावी, हे स्वाभाविक होते. शीर्षकही तसे सुचवतेच. पण तेवढ्यावरच थांबलो तर माडगूळकरांना आपण पुन्हा विष्णुशर्म्याच्या पाठशाळेत नेऊन बसवतो. मग वानर हा पुढाऱ्याचा मुखवटा उरतो, आणि वानर म्हणून त्याच्याकडे पाहण्याचे जे कष्ट लेखकाने घेतले ते फुकट जातात. पुढाऱ्यावर टीका करायला मराठीला वानरांची गरज कधीच पडली नव्हती.

याच्या उलट टोकालाही एक धोका आहे. पिल्ले मारणारा नर खलनायक वाटू लागतो, किंवा 'निसर्गच असा, मग माणसाचे काय चुकले' असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो. दोन्ही वेळा आपण आपला न्याय त्याच्यावर लादतो किंवा त्याचा नियम आपल्यावर घेतो. आपल्या जिल्ह्यांतील दुभाषिक घरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. शेजाऱ्याच्या बोलण्याचा अर्थ आपल्या भाषेतल्या सारख्या दिसणाऱ्या शब्दावरून लावला की कशी फसगत होते, हे आपण रोज पाहतो. शेजाऱ्याची भाषा शिकावी लागते, आणि ती शिकताना आपली विसरावी लागत नाही. वानराचे तसेच आहे. त्याच्या आणि आपल्यामध्ये तर समान शब्दही नाही. पाहत राहणे एवढाच मार्ग आहे.

आज वानर आपल्याकडे चर्चेत येतो तो बहुतेक पिकांच्या नासाडीमुळे. शेंगा, मका, परसातले पेरू यांचे नुकसान खरे आहे आणि शेतकऱ्याचा राग अनाठायी नाही. शनिवारी मारुतीला तेल घालणारा हातच दुपारी गोफण उचलतो, त्यात ढोंग नाही, अडचण आहे. परंतु कौलांवर उतरलेली टोळी म्हणजे देवाची सेना किंवा चोरांची टोळी एवढेच दोन पर्याय आपल्याजवळ असतील, तर त्या अडचणीतून वाटही याच दोन टोकांवर शोधली जाईल.

म्हणून शाळेतल्या मोठ्या मुलांना माझे सांगणे असते की, किष्किंधाकांड वाचा आणि 'सत्तांतर'ही वाचा. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. अंगदाला सांभाळणारा सुग्रीव माणसाने कसे वागावे ते सांगतो. धारवाडचा नर वानर कसा जगतो ते सांगतो. मग एखाद्या सकाळी गावाबाहेरच्या चिंचेखाली तासभर स्वस्थ बसा. करड्या आईच्या पोटाशी काळपट तान्हे दिसेल, ते एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाताना दिसेल, आणि थोड्या अंतरावर एकटा बसलेला नर दिसेल. पाहिलेले दोन्ही भाषांत लिहून काढा. कोणत्या भाषेत काय सुटते, तेही त्यात कळेल.