तबकडीवरचे नाव

संगीत नाटक म्हटले की आपण गाण्याविषयी बोलतो. ज्या तबकडीने ते गाणे नाटकगृहापासून दूर राहणाऱ्या माणसापर्यंत पोहोचविले, तिच्याविषयी आज दोन शब्द बोलावे असा विचार आहे.

पुण्यात १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि महाराष्ट्राला नाट्यपदांचे वेड लागले. त्या मंडळीतील भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजाची कीर्ती घरोघर होती. ते १९०१ साली वारले. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्रे घेऊन कलकत्त्यास आला तो १९०२ च्या अखेरीस. दोन वर्षांचेही अंतर नाही. पण तेवढ्यात भाऊरावांचा आवाज तबकडीवर यायचा राहून गेला.

त्या वेळच्या ध्वनिमुद्रणात वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गावयाचे, आणि त्या आवाजाच्या जोराने सुई मेणाच्या ताटावर रेघ ओढी. चूक झाली तर ताट फुकट. ही मेणाची ताटे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तेथे छापलेल्या तबकड्या बोटीने परत येत. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. तिकडच्या कारागिराला आपली भाषा कळत नसे. तेव्हा गायकच शेवटी आपले नाव उच्चारी. गौहरजान तर ते इंग्रजीत सांगत.

आणि वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे! नाटकगृहात रात्र रात्र गाणे चाले, ‘वन्समोअर’ पडत. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर! तीन महिन्यांत केशवराव गेले. ती रात्र पकडून ठेवणे त्या काळच्या यंत्राच्या शक्तीबाहेरचे होते. म्हणून तबकडी ऐकताना हे पूर्ण गाणे नव्हे, त्याचा आटीव अर्क आहे, हे ध्यानात ठेवावे.

युनियनच्या कामामुळे मला हजेरीपत्रक पाहण्याची सवय. पत्रकात ज्याचे नाव नाही, त्याचे काम कोणी धरीत नाही. तबकडीच्या लेबलावर गायकाचे नाव ठळक. सारंगी-तबलेवाल्यांचे बहुधा नसेच. बालगंधर्वांच्या मंडळीत कादरबक्षांची सारंगी आणि थिरकवांसाहेबांचा तबला होता, म्हणून ती नावे तरी आपल्याला ठाऊक. पण ती तबकडी बने लाखेची, आणि ती लाख छोटा नागपूरच्या जंगलात झाडावरून खरवडून काढणाऱ्या आदिवासींची नावे कोणी लिहिली?

आता आपल्या बिरवाडी-महाडकडे येतो. जुलै २०२१ मध्ये सावित्री-गांधारीचा पूर महाडात शिरला. घरोघरच्या पेट्या, कपाटे चिखलाने भरली. पुराचे पाणी कागदी लेबल सोडविते आणि तबकडी निनावी होते. अशी एखादी कोणाच्या माळ्यावर असेल तर ती भंगारात देऊ नका. स्वच्छ करून, जाणकाराकडून शेवटपर्यंत वाजवून घ्या. जुनी असेल तर अखेरच्या खरखरीत कदाचित गायकाने स्वतः सांगितलेले नाव सापडेल. ते लिहून ठेवा. आणि त्याखाली, घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील तर, साथीदारांचीही नावे लिहा.