गादी कुणाची? नागपूरच्या भोसल्यांपासून आपल्या सातबाऱ्यापर्यंत

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलण्यातले ‘तर’ आणि ‘म्हणजे’ जमतील तेवढे काढलेत, थोडे राहिलेत.)

आजचा प्रश्न सोपा वाटतो. राजघराण्यांतल्या वारसाच्या परंपरा आजच्या मूल्यांप्रमाणे बदलाव्यात का? मुलगी थोरली असेल तर गादी तिला मिळावी का? यावर बोलायला लागलं की गाडी लगेच लंडनला जाते. आपण ती नागपूरला नेऊया. कारण मी ज्या बोदलकशाचा आहे, ते तिरोडा तालुक्यातलं गाव, आणि वैनगंगेच्या खोऱ्यातला हा सगळा मुलूखच आधी गोंड राजांचा आणि मग नागपूरकर भोसल्यांचा होता. गादीवर कोण बसणार हे नागपुरात ठरायचं आणि सारा भरायचे इथले शेतकरी.

‘परंपरा बदलावी का’ असं विचारताना आपण धरून चालतो की परंपरा म्हणून एक पक्का नियम होता आणि तो आजवर बदलला नव्हता. नागपूरचा इतिहास बघितला तर हे गृहीतकच टिकत नाही. नियम दर पिढीत बदलला. प्रश्न एवढाच असायचा की तो कुणी बदलला, कधी बदलला आणि फायदा कुणाचा झाला.

राणीने बोलावलेला पाहुणा

भोसले नागपुरात आले तेच मुळी वारसाच्या भांडणामुळे. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान 1739 च्या सुमारास वारला. वली शाहने गादी बळकावली. तेव्हा राणी रतनकुंवरने वऱ्हाडातून रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघुजींनी वली शाहला हटवलं आणि राणीच्या दोन मुलांना, अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह यांना, गादी मिळवून दिली. राणीने रघुजींना तिसरा मुलगा मानून राज्याचा तिसरा हिस्सा दिला असं सांगतात. पुढे दोघा भावांचं बिनसलं, रघुजींना पुन्हा बोलावणं आलं, आणि 1743 पासून नागपूर भोसल्यांचं झालं. गोंड राजा नावाला राजा राहिला, त्याला नेमणूक मिळत राहिली.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. राणी स्वतः गादीवर बसू शकत नव्हती, पण गादी कुणाला द्यायची हे ठरवण्यात तिचा हात होता. हे पुढे परत परत दिसतं.

पाचगावची गोळी

पहिले रघुजी 1755 मध्ये गेले. त्यांना चार मुलगे: जानोजी, साबाजी, मुधोजी आणि बिंबाजी. वयाने मोठा जानोजी, पण मुधोजी थोरल्या राणीचा मुलगा. मग वय मोठं की आईचा मान मोठा? यावर भांडण झालं आणि निवाडा पुण्याला पेशव्यांकडे गेला. जानोजीला ‘सेनासाहेब सुभा’ हे पद मिळालं.

जानोजीला मूल नव्हतं. त्याने मुधोजीचा मुलगा रघुजी दत्तक घ्यायचं ठरवलं. 1772 मध्ये जानोजी गेला आणि उरलेल्या दोघा भावांत पुन्हा जुंपली, कारण साबाजीलाही हक्क हवा होता. 1775 च्या जानेवारीत नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली. लढाई मुधोजीच्या हातून जवळजवळ गेली होती. साबाजी हत्ती पुढे घालून आला आणि मुधोजीने भावाला गोळी घातली. तिथे वारसाचा प्रश्न मिटला.

परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक म्हणणं मला इथे पूर्ण पटतं. नियम कसाही असो, तो आधीपासून स्पष्ट असला पाहिजे. नियम धूसर असला की शेवटी बंदूक निकाल देते आणि त्या बंदुकीचा खर्च रयतेकडून वसूल होतो.

1818: इंग्रजांना चालून गेलेला दत्तक

दुसरे रघुजी 1816 मध्ये वारले. मुलगा परसोजी, तब्येतीने अधू आणि डोळ्यांनी लाचार. कारभार कुणी पाहायचा? परसोजीची सावत्र आई बाकाबाई एका बाजूला, चुलतभाऊ आप्पासाहेब दुसऱ्या बाजूला. आप्पासाहेबांनी कारभार हाती घेतला, आणि 1 फेब्रुवारी 1817 ला परसोजी बिछान्यात मेलेला सापडला. खून होता हे नंतर उघड झालं. आप्पासाहेब राजा झाले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीताबर्डीवर इंग्रजांशी लढाई झाली, ती हरली, आणि 1818 मध्ये त्यांना पदच्युत केलं.

गादी रिकामी, आणि गादीवर हक्क सांगेल असा जवळचा पुरुष वारस नाही. मग काय केलं? दुसऱ्या रघुजींचा मुलीकडचा नातू, गुजर घराण्यातला बाजीबा नावाचा लहान मुलगा, परसोजीच्या विधवेच्या, म्हणजे दुर्गाबाईच्या, मांडीवर दत्तक दिला आणि तो झाला तिसरा रघुजी. राजाच्या वतीने वाड्यातला कारभार बाकाबाईकडे, आणि खरी सत्ता इंग्रज रेसिडेंट जेंकिन्सकडे.

यात किती ‘परंपरा’ वाकल्या ते मोजा. वारसा मुलीच्या बाजूने आला. दत्तक नवरा गेल्यावर विधवेने घेतला. आणि मान्यता दिली परक्या सत्तेने. सगळं सुरळीत झालं, कारण सगळ्यांना ते सोयीचं होतं. पण ज्या मुलीच्या रक्तामुळे हा नातू ‘भोसला’ ठरला, तिला स्वतःला गादी देता येईल का, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नाही. मुलगी म्हणजे गादीपर्यंत जाणारा पूल. पुलावरून सगळे जाणार, पुलाचा मुक्काम कुठेच नाही.

1853: तोच दत्तक, आता नामंजूर

तिसरे रघुजी 11 डिसेंबर 1853 ला वारले. मुलगा नाही, हयातीत दत्तकही घेतला नव्हता. बाकाबाई अजून होत्या, खूप म्हाताऱ्या. घरच्यांनी नात्यातला यशवंतराव आहेरराव हा मुलगा निवडला. पस्तीस वर्षांपूर्वी जे चाललं तेच पुन्हा करायचं होतं: विधवेने दत्तक घ्यायचा, इंग्रजांनी मान डोलवायची.

या वेळी गव्हर्नर जनरल होता डलहौसी. साताऱ्याचं राज्य त्याने 1848 मध्येच खालसा केलं होतं. जानेवारी 1854 च्या टिपणात त्याने मांडलेला मुद्दा असा: आप्पासाहेबांच्या लढाईनंतर नागपूर आम्ही जिंकलंच होतं, तिसऱ्या रघुजीला ते आम्ही दिलं, आता औरस वारस नाही म्हणून ते आमच्याकडे परत येतं. त्याच्या कौन्सिलातल्या कर्नल लो यांनी विरोध केला. उपयोग झाला नाही. मार्च 1854 मध्ये नागपूर खालसा झालं. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल विकले, दागिने कोलकात्याला लिलावात गेले.

डलहौसीच्या टिपणात फक्त कायद्याचा कीस नाही. तिथल्या प्रजेला आमच्या राज्यात चांगला कारभार मिळेल, असंही तो म्हणतो. म्हणजे त्या काळची ‘आधुनिक मूल्यं’ त्याने पुढे केली. आणि त्याच टिपणात हेही आहे की इथल्या कापसाने इंग्लंडच्या गिरण्यांची गरज भागेल.

म्हणून ‘आधुनिक मूल्यांसाठी परंपरा बदला’ असं कुणी म्हणालं की आपल्या भागातल्या माणसाने जरा थांबून बघावं. मूल्य चुकीचं असतं म्हणून नाही. तर बदलणारा कोण आहे, आणि तो गादी रिकामी झाल्यावरच नियम बदलायला का आला आहे, हे बघण्यासाठी.

1857 च्या उठावात बाकाबाईंनी आपल्या माणसांना इंग्रजांविरुद्ध जाऊ दिलं नाही. बक्षीस म्हणून तो दत्तक मुलगा, जानोजी नाव घेऊन, ‘देऊरचे राजेबहादूर’ झाला. किताब मिळाला, राज्य नाही. आणि 1862 मध्ये इंग्रजांनी संस्थानिकांना दत्तक घेण्याचा हक्क मान्य करणाऱ्या सनदा दिल्या. म्हणजे आठ वर्षांत नियम पुन्हा उलटा. मी दिवसभर कोड लिहितो. एखाद्या नियमाला इतके अपवाद जोडावे लागले तर आम्ही म्हणतो, नियमच नव्याने लिहा.

बडोद्याची मुलगी

नागपूर सोडून फक्त एकदा बाहेर जाऊ, कारण याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. बडोद्याचे खंडेराव गायकवाड 1870 मध्ये वारले तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. भाऊ मल्हारराव गादीवर बसला, पण अट अशी की मुलगा झाला तर गादी मुलाची. जुलै 1871 मध्ये मुलगी झाली, ताराबाई. मल्हाररावाची गादी पक्की झाली.

पुढे काय झालं? गैरकारभार इतका वाढला की 1875 मध्ये इंग्रजांनी मल्हाररावाला काढलं. मग जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी मिळाली आणि नाशिककडच्या कवळाणे गावातून बारा वर्षांचा गोपाळराव आला. तेच सयाजीराव महाराज. आपलं नशीब चांगलं की मुलगा असा निघाला. पण हिशेब बघा. पोटची मुलगी समोर होती. ती बाळ होती हे खरं, पण मुलगा असता तर तोही बाळच असता आणि तरी राजा झाला असता.

मग बदलावं का?

माझं उत्तर ‘हो’ आहे, पण दोन अटींवर. पहिली, जागा रिकामी होण्याआधी बदला. दुसरी, ज्याला बदलातून गादी मिळणार आहे त्याने एकट्याने बदलू नये.

ब्रिटनने हे बरं केलं. 2013 च्या कायद्याने मुलगा-मुलगी भेद काढला, आणि तो 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्यांना लागू केला. कुणाची मिळालेली जागा हिसकावली नाही, आणि पुढे काय होणार हे सगळ्यांना आधीच कळलं. जपानने अजून ते केलेलं नाही. तिथे 1947 च्या कायद्याप्रमाणे फक्त पुरुषच गादीवर येतो आणि दत्तकही चालत नाही, त्यामुळे सम्राटाला एकुलती एक मुलगी असूनही वारस भाऊ आणि पुतण्या आहेत.

आपल्याकडे 1971 च्या 26 व्या घटनादुरुस्तीने राजेपणच संपलं. उरले आहेत वाडे, देवस्थानं, दसऱ्याचा मान. दसऱ्याला सोनं कुणी लुटायचं हे त्या त्या घराण्याने ठरवावं. फक्त ‘आमच्यात आजवर कधी मुलीकडून वारसा गेला नाही’ असं नागपूरच्या इतिहासाच्या जोरावर कुणी म्हणू नये. गेला आहे, 1818 मध्ये, आणि सगळ्यांच्या संमतीने.

आता आपल्या घरी

आता तुम्ही म्हणाल, राजे गेले, आपल्याला काय त्याचं? तर बोदलकशात, तिरोड्यात, कुठल्याही धानाच्या गावात बघा. बाप वारतो. तेरवी आटोपते. सातबाऱ्यावर वारस नोंद करायची असते. आणि माहेरी आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडपत्र येतं. ‘तुझ्या लग्नात खर्च झालाच ना.’ ‘भावाशी संबंध ठेवायचे ना.’ ती सही करते.

कायदा तिच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सा दिला, पण त्या वेळी लग्न झालेल्या मुली त्यातून सुटल्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने तोही भेद गेला. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे, 2005 मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. आदिवासींना हिंदू वारसा कायदा लागू होत नाही, पण जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मुलीच्या वारसांना समान हिस्सा दिला. मुलीला हिस्सा नाही अशी रूढी कुणी सिद्ध केलेली नसताना ती आहे असं धरून चालता येणार नाही, असा त्याचा अर्थ. राणी रतनकुंवरपासून सुरू झालेल्या गोष्टीला हे उत्तर मिळायला पावणेतीनशेच्या वर वर्षं लागली.

पण माझ्या दोन अटी हक्कसोडपत्राला लावून बघा. जागा रिकामी झाल्यावर कागद पुढे येतो. आणि कागद तोच आणतो, ज्याला जमीन मिळणार असते. डलहौसीने अगदी हेच केलं होतं, म्हणून त्याला आपण लबाड म्हणतो.

बहिणीने स्वखुशीने हिस्सा सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण स्वखुशी म्हणजे बाप हयात असताना, सगळे एकत्र बसून, तिला आपला हिस्सा किती एकर हे माहीत असताना बोलणं. तेरवीच्या पंगतीनंतर नाही. तुमच्या घरी हे बोलणं झालंय का? नसेल, तर धानाची कापणी झाली की घरात सवड असते. तेव्हा विषय काढा. वडिलांसमोर काढा.

पुढच्या भागात कामठ्याच्या जमीनदारीबद्दल बोलू. तोवर राम राम.