खत, निशाणी आणि संमती

१८७५ सालच्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातील श्रीगोंदे, पारनेर, नगर आणि कर्जत या तालुक्यांतील काही गावांत शेतकऱ्यांचे जमाव सावकारांच्या दारांशी जमले. त्याची ठिणगी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, पडली होती. दरोडेखोर घरात शिरला की प्रथम रोकड आणि दागिने शोधतो. या जमावांनी प्रथम मागितले ते कागद : कर्जाची खते, रोखे, कोर्टाचे हुकूमनामे. लूट कोठेच झाली नाही असे नव्हे. सुप्यास दुकाने लुटली गेली. परंतु पुष्कळ ठिकाणी कागद हाती येऊन जळले, की जमाव पांगला. पुढे दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ माणसे पकडली गेली आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या.

दुसऱ्याचा कागद जाळणे हा गुन्हाच होता, आणि त्याची शिक्षा योग्यच म्हणावी लागेल. पण ज्या कागदावर आपली स्वतःची निशाणी आहे, तोच जाळावा असे इतक्या माणसांना का वाटावे? त्यांच्या त्या आडदांड कृत्यात कायद्याला विचारलेला एक प्रश्न दडलेला होता : निशाणी केली म्हणजे संमती दिली, असे नेहमीच समजावयाचे काय?

खत कसे होत असे ते आधी पाहू. शेतसाऱ्याचा हप्ता भरावयाचा असे, किंवा बियाण्याची नड असे. कुणबी सावकाराच्या ओसरीवर बसे. मजकूर कारकून लिही, बहुधा मोडीत. कुणब्याला त्यातले अक्षरही लागत नसे. लिहून झाल्यावर तो खाली नांगराची निशाणी काढी. रकमेतून मनोती म्हणून काही पैसे आधीच कापून घेतलेले असत; म्हणजे कागदावर शंभर आणि पदरात त्याहून कमी. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचा दावा तीन वर्षांच्या आत लावण्याचे बंधन घातले. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. परिणाम उलटा झाला. मुदत सरत आली की सावकार म्हणे, नवे खत करून दे, नाहीतर दावा लावतो. नव्या खतात व्याज मुद्दलात मिळे.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. दरमहा शेकडा दोन रुपये दराने शंभर रुपयांचे तीन वर्षांत १७२ होतात. त्या १७२ चे नवे खत केले की आणखी तीन वर्षांनी सुमारे २९६, आणि तिसऱ्या खताअखेर ५०८ च्या वर. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे. आणि प्रत्येक खतावर निशाणी खरी, साक्षीदार खरे. कोर्टात पुराव्याला काय कमी? बहुतेक ऋणको तेथे हजरच होत नसत. हुकूमनामा एकतर्फी होई.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे, की सगळा दोष सावकाराच्या माथी मारणे बरोबर नव्हे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवीच्या काळात कापसाला भाव चढला, आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव उतरले. त्यातच फेरजमाबंदीने साऱ्याचे आकार वाढले. सरकारला सारा रोख आणि वेळेवर हवा होता. तो कुणब्याच्या वतीने भरणारा गावात एकटा सावकारच होता.

या दंग्यापूर्वी तीनच वर्षे, १८७२ साली, हिंदुस्थानचा कराराचा कायदा झाला होता. तो आजही चालू आहे. त्यात संमतीची व्याख्या सुरेख आहे : एकच गोष्ट दोघांनी एकाच अर्थाने मान्य करणे म्हणजे संमती. ती मुक्तही असली पाहिजे. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट किंवा दिशाभूल यांनी मिळवलेली संमती ही मुक्त संमती नव्हे, आणि तसा करार फसलेल्या पक्षाला रद्द करून घेता येतो. दोन्ही पक्षांचा महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयीच गैरसमज असेल तर करार मुळातच शून्य ठरतो.

मग आपल्या कुणब्याचे काम या कायद्याने का भागले नाही? कारण कायद्याची दृष्टी मुख्यतः निशाणीच्या क्षणावर असते. त्या क्षणी कोणी काठी उगारली होती काय? खोटे सांगितले होते काय? ते सिद्ध करण्याचा भार प्रथम तक्रार करणाऱ्यावर. येथे तर काठी उगारणारा कोणीच नव्हता. होती ती नड, आणि नड ही कोणाही एका माणसाची काठी नसते.

सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने या दंग्यांची कारणे तपासली, आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. या कायद्याने न्यायाधीशाला सांगितले, की खतापाशी थांबू नका. खताच्या मागे जा. व्यवहार प्रथम सुरू झाला तेथपासून त्याचा इतिहास काढा, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे करा, आणि व्याजावरचे व्याज गाळा. शेतकऱ्याची खते ग्रामनिबंधकासमोर लिहिली जावीत आणि त्याला वाचून दाखवली जावीत, अशीही तजवीज झाली.

परंतु या कायद्यातील सर्वांत खोल विचार मला दुसऱ्याच एका कलमात दिसतो. ऋणकोने कोर्टात देणे कबूल केले तरीसुद्धा न्यायाधीशाने चौकशी करावी. ती टाळावयाची केवळ तेव्हा, जेव्हा ती कबुली खरी आहे आणि सावकाराविरुद्धच्या आपल्या हक्कांची पूर्ण जाणीव ठेवून ती दिली आहे अशी त्याची खात्री पटेल. नाही म्हणता येते हे ज्याला ठाऊकच नाही, त्याच्या हो ला किंमत किती? दंगेखोरांच्या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर होते.

या कायद्याच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारे विशेष न्यायाधीश म्हणून न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी कित्येक वर्षे काम केले. कायद्याला यश आले, तसे अपयशही आले. खताच्या मागे कोर्ट जाते असे दिसताच सावकार खताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घेऊ लागले. कागदावर विक्री, मनात गहाण! तेव्हा त्या कागदामागचा खरा व्यवहार शोधण्याची मुभाही पुढे कायद्याला द्यावी लागली. शिवाय करार सहज मोडतो असे झाले, की प्रामाणिक धनकोही हात आखडता घेतो, आणि त्याची झळ गरजू माणसालाच लागते. म्हणून करार मोडण्याचे दार कायदा सताड उघडे ठेवीत नाही.

सर्वसाधारण कायदा याबाबतीत किती सावध आहे हे १९२४ च्या एका निकालावरून कळते. बिहारमधील एका इसमाने कौटुंबिक भांडणाच्या अडचणीत सुमारे दहा हजार रुपये चक्रवाढीने काढले होते. अकरा वर्षांत ते लाखाच्या वर गेले. गैरवाजवी दडपणाची त्याची तक्रार प्रिव्ही कौन्सिलने मानली नाही. निकड होती एवढे दाखवणे पुरेसे नाही. धनको आपल्या इच्छेवर हुकमत चालवण्याच्या स्थितीत होता हे आधी दाखवले पाहिजे, असे ठरले.

१८७९ चा कायदा आता इतिहासजमा झाला आहे. पण त्याचा विचार संपलेला नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार, सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेली जमीन खरेदीखताच्या रूपाने घेतली असल्यास जिल्हा निबंधकाला चौकशी करून तो दस्त अवैध ठरवता येतो आणि जमीन परत देववता येते. कागदाच्या मागे जाण्याची तीच वाट आहे.

फसलेल्या माणसाने मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दस्त रद्द करण्याचा दावा सामान्यतः फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. आणि करार मोडणाऱ्याने त्यातून मिळालेला लाभ परत करावा लागतो. सारे समजल्यावरही कराराचे फायदे घेत राहिले, तर ती मागाहून दिलेली संमतीच ठरते.

नांगराच्या निशाणीची जागा अंगठ्याने घेतली, अंगठ्याची सहीने. आपण सारे शिकलेले. तरी बारीक अक्षरांतले कागद न वाचताच सही करतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनही करवून घेतो. खत जळले म्हणून अन्याय जळत नाही, हे १८७५ ने दाखवले. अन्याय टळतो तो सहीच्या आधी. कागद मोठ्याने वाचून दाखवला जातो, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणण्याइतकी सवड दिली जाते तेव्हा.