दूरस्थ प्रवेशाचा द्वारपाल : एसएसएचडी

परगावच्या संगणकावर आपल्या टेबलावरूनच काम करण्याची सोय युनिक्स वर्गातील प्रणालींमध्ये फार पूर्वीपासून आहे. त्यासाठी त्या संगणकावर एक आज्ञावली अहोरात्र जागी राहून येणाऱ्याची ओळख पटवीत असते. पडद्यामागे चालणाऱ्या अशा आज्ञावलीला 'डीमन' म्हणतात. नावाअखेरचा 'डी' ही त्याचीच खूण होय.

पूर्वी हे काम 'टेलनेटडी' आणि 'आरलॉगिनडी' करीत. त्यांचा दोष असा की, परवलीचा शब्दही उघड्या स्वरूपात तारेवरून जाई. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरले गेले. त्यानंतर तेथील तातू युलोनेन यांनी सर्व संवाद सांकेतिक करणारी 'एसएसएच' पद्धत तयार केली. १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून 'ओपनएसएसएच' ही तिची मुक्त आवृत्ती आली. आज सर्वत्र आढळते ती हीच.

डेबियन व उबुंटूवर 'ॲप्ट'च्या, तर फेडोरावर 'डीएनएफ'च्या साहाय्याने 'ओपनएसएसएच-सर्व्हर' हा संच बसवावा. डेबियनमध्ये या सेवेचे नाव 'एसएसएच', फेडोरात 'एसएसएचडी'. फ्रीबीएसडीत ही आज्ञावली मूळ प्रणालीतच असते, 'आरसी.कॉन्फ' या फाइलमध्ये ती चालू करण्याची नोंद तेवढी करावी लागते. मॅकओएसवर 'शेअरिंग'मधील 'रिमोट लॉगिन' सुरू केले की पुरे.

बसविलेली आज्ञावली सापडत नाही, अशी तक्रार नवशिक्यांकडून नेहमी येते. तिचे स्थान बहुधा 'यूएसआर'मधील 'एसबिन' या डिरेक्टरीत असते. डेबियनसारख्या प्रणालीत सामान्य वापरकर्त्याच्या शोधमार्गात ही डिरेक्टरी नसते. त्यामुळे 'आज्ञा सापडली नाही' असा संदेश आला, तरी आज्ञावली नाहीच असे समजू नये. 'व्हेअरइज' ही आज्ञा प्रचलित जागा धुंडाळते. तेथेही न मिळाल्यास 'फाइंड' वापरावी. 'एसएस' या आज्ञेने २२ क्रमांकाच्या पोर्टवर कोण ऐकत आहे, तेही कळते.

हा शोध केवळ कुतूहलापोटी नव्हे. मूळ संहितेवरून आज्ञावली बांधल्यास ती सहसा 'यूएसआर'मधील 'लोकल'खाली जाते. एकाच यंत्रावर अशा दोन प्रती असल्या, तर अद्ययावत होते एक आणि दारात उभी असते दुसरीच! १ जुलै २०२४ रोजी ओपनएसएसएचमधील एक गंभीर त्रुटी उघड झाली. ती ९.८ या आवृत्तीत दूर करण्यात आली आणि वितरकांनी आपापल्या संचांतही दुरुस्ती पुरविली. परंतु हाताने बांधलेल्या जुन्या प्रतीला त्या दुरुस्तीचा स्पर्शही होत नाही. म्हणून चालू प्रत नेमकी कोणत्या ठिकाणची, हे लिनक्सवर 'प्रॉक'मधील तिच्या प्रक्रियेच्या नोंदीत पाहून घ्यावे.

शेवटी एक पथ्य. 'एसएसएचडी_कॉन्फिग' या फाइलमध्ये बदल केल्यावर एसएसएचडीला संपूर्ण मार्ग आणि 'टी' हा पर्याय देऊन फाइल आधी तपासावी, मगच सेवा पुन्हा सुरू करावी. चालू जोडणी मात्र तोडू नये. दुसऱ्या खिडकीतून नव्याने प्रवेश मिळाला, की पहिली बंद करावी. अन्यथा दूरच्या यंत्राला आपणच कुलूप लावून किल्ली आत विसरल्यासारखे होईल.