फूटपाथ कुणाचा?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गावच्या फूटपाथावरची एक फरशी डुगडुगली आणि आईचं मनगट प्लास्टरात गेलं. तक्रार घेऊन गेलो, तर एका कचेरीत म्हणाले, "बांधला आम्ही; राखायचा त्यांनी." दुसरीत म्हणाले, "राखू की! आधी ताब्यात तर द्या!"

ही रीत जुनीच. मुंबईचंच पाहा. १८९६ साली तिथं प्लेग आला आणि १८९८ साली सरकारनं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टनं दाटीवाटीच्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे ऐसपैस रस्ते काढायचे आणि तयार झाले की म्युनिसिपालिटीच्या हवाली करायचे. शिवाय म्युनिसिपालिटीनं आपल्या उत्पन्नातून ट्रस्टला दरसाल पैसेही द्यायचे! म्हणजे लग्न एकानं लावायचं, संसार दुसऱ्यानं करायचा आणि आहेरही त्यानंच द्यायचा. अखेर १९३३ साली ट्रस्ट म्युनिसिपालिटीत विलीन झाला. दोन चुलींची एक व्हायला पस्तीस वर्षं लागली.

हा इतिहास मी आईला मोठ्या उत्साहानं ऐकवला. ती प्लास्टर सावरत म्हणाली, "चुली कितीही मांडू देत रे, शिधा आपल्याच घरचा ना? मग एकानं तरी फरशी बसवावी!"

फरशी अजून डुगडुगतेच आहे. आई आता रस्त्यावरून चालते.